सेल्फ जोरात फिरतो, पण गाडी पकडत नाही. बॅटरी आणि प्लग बदलून झाले. सेल्फ बदलू का?

मृणाल_निफाड

नमस्कार मंडळी,

माझी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, १ लाख ७ हजार किलोमीटर पळालेली. दिवाळीनंतर सकाळी सुरू व्हायला फार त्रास देते आहे. किल्ली फिरवली की सेल्फ चांगला जोरात फिरतो, पण इंजिन काही पकडत नाही. सहा-सात सेकंद नुसतं कुंईकुंई चालतं. कधी दोनदा-तीनदा किल्ली सोडून परत मारावी लागते, मग एकदाची सुरू होते. नंतर मात्र दिवसभर गुण्यागोविंदाने चालते.

निफाडची थंडी तुम्हाला ठाऊक आहेच. पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात, इतका गारठा असतो. शाळा १८ किलोमीटरवर, सकाळची, आणि त्या रस्त्याला वेळेवर एसटी नाही. पोरं फाटकाशी कुडकुडत उभी आणि कुलपाची किल्ली माझ्याकडे. म्हणून जीव खालीवर होतो.

गॅरेजवाल्यांनी आधी बॅटरी बदलली, ४,९०० रुपये. दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. मग चारही प्लग बदलले, १,१०० रुपये. फरक शून्य. आता म्हणतात नवा सेल्फ टाकू, सहा-सात हजार जातील. चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही.

सेल्फ बदलू का? गाडीतलं मला फारसं कळत नाही, पण समजून घ्यायची तयारी आहे.

सातारी_कंदी

बॅटरी नवी आहे म्हणजे चांगलीच असेल असं नाही. दुकानात कित्येक महिने पडून राहिलेली बॅटरीही 'नवी' म्हणूनच विकली जाते. आणि टर्मिनल हाताने हलवून बघा. हललं तर १० नंबरचा पाना घेऊन आवळा. माझ्या गाडीचं निम्मं दुखणं तिथेच गेलं होतं.

गारगोटी

सेल्फची घाई करू नका, एवढंच म्हणतो. जाणकार येतीलच. धागा वाचतोय.

वायरमन_काका

मृणालताई, सेल्फला हात लावू देऊ नका. उत्तर तुमच्याच वाक्यात आहे: सेल्फ जोरात फिरतो. मग तो बदलायचा कशाला?

३१ वर्षं ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. 'गाडी सुरू होत नाही' या एका तक्रारीत दोन अगदी निराळी दुखणी असतात आणि गिऱ्हाईकाचे पैसे जातात ते त्यांची गल्लत केल्यामुळे.

पहिलं दुखणं म्हणजे सेल्फच नीट फिरत नाही. इथे कानाने बरंच कळतं. किल्ली मारल्यावर एकच घट्ट 'टक' आला आणि पुढे शांतता, तर सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच) किंवा सेल्फचे कार्बन बघायचे. भराभर 'टकटकटकटक' आलं तर बॅटरी उतरली आहे किंवा कुठेतरी जोड सैल आहे. 'घुर्र... घुर्र...' असा दमल्यासारखा फिरला तर बॅटरी, अर्थिंग (इंजिन आणि बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडे परत जाणारी जोडणी) नाहीतर सेल्फचे बुश.

दुसरं दुखणं म्हणजे सेल्फ ठणठणीत फिरतो, पण इंजिन पेटत नाही. इथे बॅटरीने आणि सेल्फने आपलं काम चोख केलेलं असतं. मग शोधायचं पेट्रोल, ठिणगी, हवा, नाहीतर इंजिनच्या कॉम्प्युटरला चुकीची माहिती देणारा एखादा सेन्सर. तुमचं दुखणं हे दुसरं आहे. पहिल्या दुखण्याची औषधं देऊन ते बरं कसं होणार? बॅटरी नवी आल्यावर दोन दिवस सेल्फ जरा वेगाने फिरला असेल, तेवढाच फरक.

आता मला चार गोष्टी सांगा. शाळा सुटल्यावर, म्हणजे चार-पाच तास उन्हात उभी राहिल्यावर गाडी कशी सुरू होते? पेट्रोल भरायला पाच मिनिटं थांबलात तर? किल्ली 'ऑन'ला नेली की मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद 'ऊंऽऽ' असा बारीक आवाज येतो का? आणि सकाळी शेवटी पकडते तेव्हा मागून काळा धूर किंवा कच्च्या पेट्रोलचा वास येतो का?

रानवारा

काकांच्या अनुभवाचा आदर आहे, पण मूळ कारण कुणीच बोलत नाहीये. २०२३ पासून ई-२० पेट्रोल यायला लागलं आणि आता पंपावर दुसरं काही मिळणंच कठीण. २० टक्के इथेनॉल. २०१४ ची गाडी त्यासाठी बनवलेलीच नाही. गारठ्यात इथेनॉलची वाफ पेट्रोलइतकी सहज होत नाही, आणि वाफ झाल्याशिवाय इंजिन पेटत नाही. ब्राझीलमध्ये इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्यांना गार हवेत सुरू व्हावं म्हणून पेट्रोलची वेगळी छोटी टाकी द्यायचे, ती काही हौसेखातर नाही.

एडमंटनकर

रानवारा, ब्राझीलचं उदाहरण खरं आहे, पण तिथे टाकीत जवळजवळ सगळं इथेनॉलच असायचं. २० टक्क्यांत ८० टक्के पेट्रोल आहे आणि थंड इंजिन पेटवायला तेवढी वाफ पुरते.

मी कॅनडात राहतो. जानेवारीत उणे ३० ही इथे नेहमीची गोष्ट. पार्किंगमध्ये गाडीसमोर विजेचा सॉकेट असतो आणि रात्री गाडीच्या नाकातून लोंबणारी वायर त्यात लावून झोपायचं. त्याला ब्लॉक हीटर म्हणतात, इंजिनातलं कुलंट तो कोमट ठेवतो. शेजाऱ्याने पहिल्या हिवाळ्यात सांगितलं नसतं तर माझी गाडी मार्चपर्यंत तिथेच राहिली असती.

गारठ्याचा खरा मार बॅटरीवर पडतो. आतली रासायनिक क्रिया मंदावते आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेलं ऑइल ढवळायला सेल्फला जास्त करंट लागतो. बॅटरीवर सीसीए (कोल्ड क्रँकिंग अँप्स, म्हणजे गारठ्यात ती किती करंट देते) म्हणून जो आकडा असतो, तो उणे १८ अंशांवर काढतात: एवढा करंट ३० सेकंद दिला तरी १२ व्होल्टची बॅटरी ७.२ च्या खाली जाता कामा नये. पण मृणालताईंचा सेल्फ जोरात फिरतोय, म्हणजे तो मुद्दाच उरत नाही. निफाडच्या चार-पाच अंशांत धडधाकट इंजेक्शनच्या गाडीने एका सेकंदात पकडायला हवं.

शेवंती_पुणे

आमच्याकडे उंदीर निघाला होता. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी होती, आणि बॉनेट उघडलं तर इंजेक्टरची वायर कुरतडलेली, बॅटरीच्या मागे गवत, दोरा आणि अर्धी चपाती. मुलगी म्हणाली, आई, तो डबा घेऊन राहायला आला होता. ताई, एकदा बॉनेट उघडून वायरिंगवर नजर टाकाच.

मृणाल_निफाड

काका, सगळं नीट बघून आज लिहिते आहे.

शाळा सुटल्यावर साडेबाराला, चांगलं ऊन असताना, चार सेकंद लागले. म्हणजे तेव्हाही लगेच नाही. हे मी आजवर लक्षातच घेतलं नव्हतं, सकाळच्या धास्तीपुढे ते जाणवलंच नाही. पेट्रोल पंपावर मात्र किल्ली लावताच सुरू झाली. मागच्या सीटखालचा 'ऊंऽऽ' ऐकू येतो. काळा धूर नाही, वासही नाही.

शेवंतीताई, उंदीर नाही. सुकलेली द्राक्षाची पानं मात्र ओंजळभर निघाली.

वायरमन_काका

शाब्बास. या उत्तरांनी निम्मं काम केलं. भर उन्हातही चार सेकंद लागतात, तेव्हा थंडी हा चोर नव्हे. पाच मिनिटांच्या थांब्यानंतर लगेच आणि तासन् तास उभी राहिली की उशीर, म्हणजे इंजिन बंद असताना काहीतरी हळूहळू ओसरतंय. माझा संशय पेट्रोलच्या प्रेशरवर आहे.

इंजेक्शनच्या गाडीत टाकीतला पंप पेट्रोल दाबाने पुढे पाठवतो, बहुतेक गाड्यांत साधारण ३ ते ४ बार (बार हे दाबाचं माप). इंजिन बंद केल्यावर हा दाब नळीत टिकून राहावा म्हणून पंपाच्या तोंडाशी एकेरी व्हॉल्व्ह असतो. पेट्रोल पुढे जाऊ देतो, मागे येऊ देत नाही. विहिरीच्या मोटारीचा फूट व्हॉल्व्ह आठवा. तो गळका झाला की पाइप रिकामा होतो आणि सकाळी मोटार लावली तरी पाणी यायला वेळ लागतो. अगदी तसंच.

उद्या सकाळी हे करा, पैसा लागत नाही. किल्ली 'ऑन'ला न्या, सेल्फ मारू नका. 'ऊंऽऽ' थांबू द्या. किल्ली बंद करा. परत 'ऑन'. असं तीनदा. चौथ्या वेळी सेल्फ मारा आणि किती वेळ लागला ते लिहा. एक दिवस असं, दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं, मग परत असं. एकाच सकाळवर विश्वास ठेवू नका.

रानवारा

प्रेशरचा तर्क पटतो. तरी कुलंटचा तापमान सेन्सरही तपासा. तो 'इंजिन गरम आहे' असं खोटं सांगत असेल तर कॉम्प्युटर थंड इंजिनाला कमी पेट्रोल देतो, आणि दिवा न लागताही हे होऊ शकतं. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा ओबीडीचा छोटा अडॅप्टर हजाराच्या आत येतो आणि मोबाइलवर आकडे दिसतात. सकाळी गाडी सुरू करायच्या आधी कुलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघायचं. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळपास सारखी हवीत. हवा ६ अंश आणि कुलंट ४० दाखवत असेल तर सेन्सर खोटारडा.

वायरमन_काका

रानवारा, उत्तम सूचना. पार्ट बदलण्याआधी मोजायचं ते असं.

कोकणचा_भाचा

आमची गाडी डिझेलची, त्यामुळे दुखणी निराळी. रत्नागिरीत थंडी ती कसली, तरी एकदा महाबळेश्वरला मुक्कामी गेलो आणि सकाळी पांढरा धूर सोडत नुसती खोकत राहिली. चारपैकी दोन हीटर प्लग गेले होते. डॅशबोर्डवरचा पिवळा स्प्रिंगचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारायचा नसतो, हेही तेव्हाच कळलं.

दुसऱ्यांदा डिझेल संपेपर्यंत गाडी चालवली आणि लाइनमध्ये हवा शिरली. पाच लिटर आणून ओतलं तरी सुरू होईना. शेवटी फिल्टरवरचा हातपंप दाबून दाबून हवा काढली तेव्हा कुठे. त्या दिवसापासून काटा पाव टाकीच्या खाली जाऊ देत नाही.

सीएनजी_वाली

इथे एक भर घालते. सीएनजीच्या गाड्यांत हा पंप मरायचं एक ठरलेलं कारण आहे. लोक टाकीत जेमतेम दोन लिटर पेट्रोल ठेवतात, कारण चालवायचं गॅसवरच असतं. पण पुष्कळ गाड्या सुरू होतात पेट्रोलवर. पंप पेट्रोलमध्ये बुडलेला असेल तरच थंड राहतो. शिवाय तेच दोन लिटर महिनोन् महिने पडून शिळं होतं. मी आता दहा लिटर ठेवते आणि आठवड्यातून एकदा पाच-सात किलोमीटर पेट्रोलवर चालवते.

बुलढाणेकर

एवढी मोजामोज कशाला? गाडी उतारावर लावा, सकाळी न्यूट्रलवर सोडा, दुसऱ्यात टाकून क्लच सोडा. माझे वडील आयुष्यभर हेच करत होते.

एडमंटनकर

बुलढाणेकर, तुमच्या वडिलांची गाडी कार्ब्युरेटरची असणार, तिला ते चालून जायचं. पण धक्क्याने काम होतं ते सेल्फ फिरत नसेल तेव्हा. इथे सेल्फ फिरतोच आहे, पेट्रोलच उशिरा पोचतंय. उतारावरही तेवढाच उशीर होईल, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळलं तर तो खराब होतो. ऑटोमॅटिक गाडी तर धक्क्याने सुरूच होत नाही.

आणि इंजिन बंद असताना उतारावर ब्रेकचा बूस्टर एक-दोन दाबांत संपतो, स्टिअरिंगही जड होतं. ताईंना हे सुचवू नये असं मनापासून वाटतं.

बुलढाणेकर

ब्रेकचं खरंच डोक्यात आलं नव्हतं. सल्ला मागे घेतो.

मृणाल_निफाड

काका, पाच दिवस वहीत लिहून काढलं.

सोमवार, तीनदा 'ऑन' करून: लगेच सुरू. मंगळवार, नेहमीसारखं: सात सेकंद. बुधवार, तीनदा 'ऑन': लगेच. गुरुवार, एकदाच 'ऑन' करून थांबले: तीन सेकंद. शुक्रवार, तीनदा: लगेच!

भावाने ओबीडीचा अडॅप्टर आणला. हवा ८ अंश, कुलंट ९ अंश. म्हणजे सेन्सर खरं बोलतोय ना?

मला इतका आनंद झाला की शाळेत पोचल्यावर शिपाईमामांना सगळं सांगितलं. आता पंप बदलायचा का? किंमत विचारली, पूर्ण सेटचे ९,००० सांगितले.

वायरमन_काका

सेन्सर खरं बोलतोय. रोग सापडला, जागा अजून सापडलेली नाही. ९,००० चा सेट आज घेऊ नका.

दाब तीन वाटांनी ओसरू शकतो: पंपाचा एकेरी व्हॉल्व्ह, टाकीतल्या प्रेशर रेग्युलेटरची (दाब ठरावीक ठेवणारा भाग) किंवा नळीची गळती, नाहीतर पुढे एखादा इंजेक्टर थेंब थेंब गळतोय. इंजेक्टर असता तर सकाळी बहुधा वास किंवा काळा धूर आला असता. तुमच्याकडे दोन्ही नाही, म्हणून माझा कौल टाकीच्या बाजूला. पण कौलावर पैसे लावायचे नसतात. ज्यांच्याकडे फ्युएल प्रेशर गेज आहे असं गॅरेज शोधा. गेज कॉकसकट लाइनमध्ये बसवायचा, दाब तयार करायचा आणि कॉक बंद करून टाकीची बाजू तोडायची. दाब टिकला तर गळती टाकीकडे. तरीही उतरला तर इंजेक्टरकडे.

आणि हे हात जोडून सांगतो: टाकीवरचं झाकण घरी उघडू नका, भावालाही उघडू देऊ नका. बंद खोलीत पेट्रोलची वाफ जमिनीलगत साठते, एका ठिणगीने घर जातं. उघड्या जागेत, टाकी पावच्या खाली आणून, बॅटरीची मायनस काढून, अग्निशामक सिलिंडर शेजारी ठेवूनच हे काम करायचं असतं.

शेवंती_पुणे

वाचनखूण साठवली. काका, तुमच्यासारखं समजावून सांगणारं कुणी जवळ असतं तर किती बरं झालं असतं.

गारगोटी

शेवंतीताईंना अनुमोदन. ताई, गेजचं काय झालं ते नक्की लिहा, आम्ही थांबलोय.

मृणाल_निफाड

उशीर झाला, सहामाहीचे पेपर तपासत होते.

नाशिकला एका गॅरेजमध्ये गेज मिळाला. तिथल्या दादांनी मला शेजारी उभं करून दाखवलं. किल्ली 'ऑन' केल्यावर ३.४ बार. बंद केल्यावर काटा डोळ्यांदेखत खाली यायला लागला, दहा मिनिटांत एकच्या खाली. मग कॉक बंद करून परत केलं, तर काटा हललाच नाही. गळती टाकीकडे!

मागची सीट उचलून पंपाचा सेट बाहेर काढला. पंप चांगला होता. रेग्युलेटर जिथे बसतो तिथली ओ-रिंग, म्हणजे गळती अडवणारं रबरी कडं, कडक होऊन एका बाजूने चिरली होती, नखाने दाबली तर तुकडा पडला. दादांनी व्हिटॉन नावाच्या खास रबराची रिंग बसवली. साधं रबर पेट्रोलमध्ये टिकत नाही म्हणाले. झाकणाचं मोठं सीलही नवं टाकलं. रिंग ६० रुपये, सील ३५०, मजुरी आणि तपासणी मिळून १,२००.

तेरा सकाळी झाल्या. परवा हवा ६ अंश होती, किल्ली फिरवली आणि सुरू. पोरांच्या आधी मी फाटकाशी होते.

रानवारा

मनापासून अभिनंदन ताई. ती रिंग इथेनॉलनेच खाल्ली असणार, हे माझं मत मी सोडत नाही. साध्या रबरावर इथेनॉलचा परिणाम होतो, म्हणून तर नव्या गाड्यांत सील वेगळ्या जातीची देतात.

वायरमन_काका

होऊ शकतं, रानवारा. पण गाडीचं वय बघता रबर पेट्रोलच्या वाफेत आणि पंपाच्या उष्णतेत नुसत्या वयानेही कडक होतं, आणि अशा चिरलेल्या रिंगा मी ई-२० च्या फार आधीही काढल्यात. हातातल्या रिंगेवरून यातलं कारण कुठलं ते ठरवता येणार नाही. ताईंनी व्हिटॉन टाकली, ती दोन्हींना पुरून उरेल.

ताई, आठवडाभर गाडीत बसल्यावर मागच्या सीटशी वास घेत जा. जरा जरी पेट्रोलचा वास आला तरी तिथल्या तिथे परत दाखवा.

मृणाल_निफाड

वास अजिबात नाही काका, रोज बघते. जुनी रिंग जपून ठेवली आहे. सातवीच्या मुलांना दाखवली, गेजचा काटा कसा खाली आला तेही सांगितलं. एका मुलीने विचारलं, बाई, आमच्या विहिरीच्या मोटारीत पण अशी रिंग असते का? रविवारी तिच्या वडिलांना विचारायला सांगितलंय.

सातारी_कंदी

ताईंचं काम झालं, आता मी हात वर करतो. माझं निम्मं दुखणं टर्मिनल आवळून गेलं म्हणालो होतो ना, उरलेलं निम्मं गेलेलं नाही. सकाळी सेल्फ 'घुर्र... घुर्र...' करत दमल्यासारखा फिरतो. बॅटरी रात्रभर उभी राहूनही १२.६ व्होल्ट दाखवते, गाडी चालू असताना १४.२.

वायरमन_काका

म्हणजे बॅटरी भरलेली आहे आणि डायनॅमोही चार्ज करतोय. सेल्फ फिरत असताना बॅटरीवर किती राहतात? ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी आतून थकली. तेवढे टिकले तर मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर धर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांग. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग करंट अडवतंय.

सातारी_कंदी

बायकोला किल्लीवर बसवून मोजलं. सेल्फ फिरताना बॅटरी १०.८. इंजिन आणि मायनसमध्ये ०.९!

वायरमन_काका

मिळाला चोर. इंजिनकडून बॉडीला जाणारी विणलेली पट्टी शोध, बॅटरीची मायनस आधी काढ, मग पट्टीची दोन्ही टोकं सोडून पॉलिशपेपरने चकचकीत कर. खालचा गंज, रंग सगळा निघाला पाहिजे. घट्ट आवळ, वरून पेट्रोलियम जेली लाव आणि परत मोजून आकडा इथे लिही.

सातारी_कंदी

पट्टीचं एक टोक गंजून हिरवं पडलं होतं. घासून आवळलं. आता ०.०८.